रजेवाचून : एका इंग्रजी शब्दाचे चरित्र

लढाया संपतात, फौजा मोडतात; पण फौजेबरोबर आलेले शब्द मात्र गावातच बिऱ्हाड करून राहतात. मराठी वाचकास हे निराळे सांगावयास नको. ‘आघाडी’ म्हणजे एके काळी सैन्याचा पुढचा भाग. आज ती निवडणुकीपूर्वी होते आणि निवडणुकीनंतर मोडते. ‘मोर्चा’ म्हणजे शत्रूवर मारा करण्यासाठी धरलेली आडोशाची जागा. आज तो कचेरीवर जातो व निवेदन देऊन परत येतो. ‘बिनी’ म्हणजे फौजेच्या अग्रभागी चालणारी तुकडी. आज बिनीचा म्हणून वकील असतो, नटही असतो. ह्या शब्दांतील दारूचा वास केव्हाच उडून गेला आहे आणि तो उडाला म्हणून कोणी हळहळतही नाही.

इंग्रजी भाषेतील अशाच एका शब्दाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहो. हा शब्द चार अक्षरांचा आहे : ए, डब्ल्यू, ओ आणि एल. ‘ॲब्सेंट विदाउट लीव्ह’, म्हणजे ‘रजेवाचून गैरहजर’, ह्या लष्करी शेऱ्याचा तो संक्षेप होय. त्याचा अखंड उच्चार ‘एवॉल’ असा होतो. आज विमानतळावर प्रवाशाची पेटी सापडली नाही तर ती ‘एवॉल’ गेली असे इंग्रज सहज म्हणतो. टपालातील पार्सल, ऐन भाषणात न आठवणारा मुद्दा, सभेस न येणारा पुढारी, फार काय, एखाद्या गृहस्थाची अक्कलसुद्धा ‘एवॉल’ जाते. ज्या शेऱ्याने शिपाई कोठडीत जाई, तो आता चहाच्या टेबलावर विनोदाकरिता खर्च होतो. हे स्थित्यंतर कसे झाले, आणि त्यात भाषेने काय मिळविले व काय गमावले, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

रिचर्ड ट्रेंच ह्या विद्वान धर्मोपदेशकाने १८५१ साली ‘शब्दांचे अध्ययन’ ह्या विषयावरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. शब्दांच्या पोटात इतिहासाप्रमाणेच एखाद्या समाजाची नीतीही गोठून राहिलेली असते, हा त्याचा सिद्धान्त होता. ट्रेंचच्या कित्येक व्युत्पत्ती आज मागे पडल्या आहेत. पण त्याचा हा सिद्धान्त मागे पडलेला नाही. प्रस्तुत शब्दास तो लावून पाहिला असता काही विचार करण्याजोग्या गोष्टी हाती येतात.

प्रथम शब्दाच्या बांधणीकडे पाहू. ह्या चार अक्षरांतील ‘ओ’ कोठून आला, हा प्रश्न सूक्ष्म वाटेल, पण निरर्थक नाही. मूळ वाक्प्रचारात शब्द तीनच आहेत. मग अक्षरे चार का? कित्येक लोक ‘ओ’चा अर्थ ‘ऑफिशियल’, म्हणजे सरकारी, असा लावतात व ‘सरकारी रजेवाचून’ अशी फोड करतात. परंतु ‘विदाउट’ हा शब्दच ‘विद’ व ‘आउट’ अशा दोन तुकड्यांचा आहे, आणि त्यांची आद्याक्षरे डब्ल्यू व ओ अशी येतात. ही दुसरी फोड अधिक सरळ आहे. नुसते ए-डब्ल्यू-एल असे लिहिले तर गडी रजेसह गेला की रजेवाचून, हे हजिरी पाहणाऱ्यास कळावयाचे नाही. मधल्या ‘ओ’ने तो संशय फिटतो. ह्याच ‘ओ’ने पुढे दुसरेही एक काम केले. इंग्रजीत स्वर पदरी असल्यावाचून अक्षरांची माळ शब्दासारखी उच्चारता येत नाही. ऑस्ट्रेलियन फौजेत ‘ओ’ नसलेलाच संक्षेप रूढ होता, आणि त्याचा अखंड उच्चार केला तर चांभाराच्या आरीस इंग्रजीत जो शब्द आहे, तोच ऐकू येतो! तेथील शिपायांनी मग तारायंत्रवाल्यांच्या अक्षर-नावांचा आधार घेऊन ‘ॲक-विली’ असे निराळेच लाडके नाव तयार केले. अमेरिकन शिपायास ही खटपट पडली नाही; त्याच्या संक्षेपात शब्द आयताच दडलेला होता.

हा प्रकार आमच्याकडे अपरिचित आहे असे नाही. १९४८ च्या जून महिन्यात पुणे-नगर मार्गावर सरकारी मोटारगाडी सुरू झाली, आणि तिच्या ‘एस. टी.’ ह्या दोन अक्षरांची खेड्यापाड्यांतून पाहता पाहता ‘यष्टी’ झाली. संस्कृतातील काठीशी त्या गाडीचा काही संबंध नाही. पण कानास ओळखीचा वाटेल असा घाट लोकांनी त्या परक्या अक्षरांना दिला. देवनागरीत तर ही सोय अधिकच आहे. आपल्या अक्षराच्या अंगी स्वर असतोच, त्यामुळे ‘शेकाप’ काय किंवा ‘मनसे’ काय, आद्याक्षरे जुळविली की शब्द उभा राहतो. इंग्रजीस मात्र त्यासाठी दैवाची साथ लागते.

आता अर्थाकडे वळू. कोणत्याही फौजेत न सांगता निघून जाणारे शिपाई दोन प्रकारचे असतात. एक जातो तो परत न येण्यासाठी. दुसरा जातो तो आईला भेटण्यासाठी, बायको बाळंत झाली म्हणून, पेरणी खोळंबली म्हणून, नाहीतर नुसता कंटाळा आला म्हणून, आणि दोन दिवसांनी मान खाली घालून परत येतो. ह्या दोघांस एकाच दोरीने बांधणे अन्यायाचे आहे, हे रोमन लोकांसही उमगले होते. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये जो कायदेसंग्रह सिद्ध झाला, त्यात मोडेस्टिनस ह्या कायदेपंडिताचे मत नमूद आहे. भटकून आपण होऊन छावणीत परतणारा तो ‘एमान्सोर’, आणि ज्यास पकडून आणावे लागते तो ‘देसेर्तोर’. इंग्रजीतील पळपुट्याचा शब्द ह्या दुसऱ्या नावाच्याच कुळातला आहे. एकाने स्वतःच्या पायांनी परत यावे आणि दुसऱ्यास दुसऱ्याच्या हातांनी आणावे लागावे, एवढ्यावर सारा भेद ठरविलेला आहे. ह्याहून मार्मिक व्याख्या आम्हास तरी माहीत नाही.

पुढे हाच भेद इंग्रजी व अमेरिकन लष्करी कायद्यांत उतरला. १७७६ च्या अमेरिकन युद्धनियमांत रजेवाचून दूर राहण्याचा गुन्हा पळून जाण्याच्या गुन्ह्याहून वेगळा मांडलेला आहे. अमेरिकेच्या आजच्या लष्करी न्यायसंहितेत ८५ वे कलम पळून जाण्याचे व ८६ वे रजेवाचून गैरहजर राहण्याचे आहे. ही संहिता १९५० साली मंजूर झाली. योगायोग असा की, आपल्या देशाचा सेना-अधिनियमही १९५० चाच, आणि त्यातही ३८ वे कलम पळून जाण्याचे व त्याला लागून ३९ वे रजेवाचून गैरहजेरीचे आहे. दोन्ही ठिकाणी हे दोन गुन्हे शेजारी शेजारी बसविले आहेत. मध्ये भिंत आहे ती हेतूची. परत यावयाचे मनात होते की नव्हते, हाच प्रश्न. तात्पर्य, ‘एवॉल’ हा दोन शेऱ्यांतील सौम्य शेरा होय. त्याच्या पोटात दंड आहे खरा. पण त्या दंडामागे एक कबुली आहे. माणूस गेला, तरी तो अद्यापि आपलाच आहे आणि त्याला यावयास दार उघडे आहे, ही ती कबुली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

हा संक्षेप जन्मला केव्हा? शब्दकथांच्या पुस्तकांतून नेहमी सांगितले जाते की, अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात असल्या लहानसहान अपराधांबद्दल शिपायाच्या गळ्यात ही चार अक्षरे लिहिलेली पाटी अडकवून त्यास छावणीभर मिरवीत. कथा मोठी चित्रमय आहे, आणि म्हणूनच ती जपून घ्यावयास हवी. आद्याक्षरांच्या व्युत्पत्त्या ही पुराणिकांची आवडती कुरणे असतात. ‘पॉश’ ह्या शब्दाची गोष्ट प्रसिद्धच आहे. मुंबईस येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींत उन्हापासून बचाव व्हावा म्हणून श्रीमंत उतारू येताना डाव्या बाजूची व परतताना उजव्या बाजूची खोली घेत, आणि त्या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा ‘पॉश’ झाला, असे आमच्या लहानपणी वडील माणसे खात्रीने सांगत. त्या कथेस कागदोपत्री आधार मिळालेला नाही. गळ्यातील पाटीची कथा त्या मानाने पुष्कळ संभवनीय आहे, तथापि तिच्यावर इमारत उभारण्याचे कारण नाही. निश्चित पुरावा हवा असेल तर पहिल्या महायुद्धाकडे यावे लागते.

१९१७ च्या एप्रिलात अमेरिका त्या युद्धात उतरली, तेव्हा तिची खडी फौज सव्वा लाखाच्या आसपास होती. सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, आणि दीड वर्षात सुमारे चाळीस लक्ष माणसे लष्करी पोशाखात आली. त्यांत सुमारे अठ्ठावीस लक्ष सक्तीने आलेली होती. शेतकरी, कारकून, शाळामास्तर, दुकानातील पोऱ्ये, असे ज्यांनी जन्मात कधी हजिरीचा बिगूल ऐकला नव्हता, त्यांच्या दिवसाचा प्रत्येक तास आता दुसऱ्याच्या मालकीचा झाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, पण घरी सोडण्यास महिने लागले. आणि युद्ध संपल्यावर छावणीत खितपत पडणे हे युद्धाहून कठीण. त्याच सुमारास चार्ल्स बॉवर्स नावाच्या चित्रकाराने एक छोटासा चालता चित्रपट काढला. त्याचे नाव हीच चार अक्षरे. त्यात ती अक्षरे नाव म्हणून मिरविणारी एक नखरेल तरुणी शिपायास मोटारीतून फिरावयास नेते, आणि बाकीचे गडी घरची वाट धरतात तेव्हा हा बिचारा गजांआड बसतो. उपदेश उघड आहे. परंतु आम्हास महत्त्व वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. शेऱ्याचे अक्षर आता कारकुनाच्या वहीत राहिलेले नाही. त्याला रूप आले आहे, त्याच्यावर हसता येते, आणि ते उलगडून सांगण्याची गरज उरलेली नाही.

तरीही ह्या काळात लोक ही अक्षरे सुटी सुटीच उच्चारीत. ती जुळून अखंड शब्द झाला तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत. ह्यालाही कारण आहे. १९१५ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांच्या सैन्याच्या नावापासून ‘अँझॅक’ हा शब्द झाला होता. १९४० साली अमेरिकन नौदलाने ‘रडार’ हा शब्द बनविला. असल्या शब्दजातीस ‘ॲक्रोनिम’ हे नाव इंग्रजीत मिळाले तेही १९४० च्या सुमारासच. म्हणजे जातीचे नामकरण आणि ‘एवॉल’चे अखंड होणे, ही एकाच काळची फळे आहेत. तो काळ आद्याक्षरांचा होता. खाती, समित्या, यंत्रे, मोहिमा ह्यांच्या नावांची अक्षरे सरकार रोज पाडीत होते, आणि शिपाई रोज ती तोंडात घोळवून त्यांची चेष्टा करीत होता. ‘स्नॅफू’ हा शब्द त्याच कारखान्यातला. ‘परिस्थिती नेहमीप्रमाणे, सर्वत्र गोंधळ’ असा त्याचा मथितार्थ आहे. त्यातील एका अक्षराचा खरा विस्तार ह्या मासिकाच्या पानांवर छापण्याजोगा नाही, हे इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांस ठाऊक असेलच. पण मौज ही की, खुद्द अमेरिकन सैन्याने १९४३ पासून ‘प्रायव्हेट स्नॅफू’ नावाच्या शिपायाची हास्यचित्रे शिपायांच्या शिक्षणासाठी काढविली. सरकारी अक्षरांची नक्कल करून शिपायाने सरकारची थट्टा केली, आणि सरकारने ती थट्टा उचलून शिपायास शिकविण्यास वापरली!

येथेच आमच्या मते ‘एवॉल’च्या दिग्विजयाचे मर्म आहे. लष्करी शब्द लोकांत येतात ते सेनापतींच्या द्वारे येत नाहीत. सेनापतींचे शब्द राजपत्रातच राहतात. शब्द आणतो तो सक्तीने शिपाई झालेला नागरिक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत सुमारे एक कोटी साठ लक्ष माणसांनी नोकरी केली. युद्धानंतर १९४४ च्या कायद्याचा लाभ घेऊन त्यांपैकी सुमारे बावीस लक्ष माणसे महाविद्यालयांत शिकावयास गेली. बाकीची कारखान्यांत, दुकानांत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पांगली. ज्या देशात प्रत्येक आळीत एक तरी माजी शिपाई आहे, तेथे छावणीची बोली ही कोणाचीच गुप्त बोली राहत नाही. आणि घरी आल्यावर ह्या माणसाने कचेरीस दांडी मारणाऱ्या सोबत्यास ‘एवॉल’ म्हटले, त्यात एक सूड होता. ज्या शेऱ्याचे भय काल वाटत होते, तो आज आपण दुसऱ्यास गंमत म्हणून लावू शकतो, ह्या सुटकेचे ते हसू होते. बंदिवासातून सुटलेल्याने बेडीचे खेळणे करावे, तसे.

परंतु हसणाऱ्यांबरोबर जे घरी आले नाहीत, त्यांचाही हिशेब ह्या शब्दाच्या चरित्रात मांडला पाहिजे. ३१ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील सेंत-मारी-ओ-मीन ह्या गावी एडी स्लोव्हिक नावाच्या अमेरिकन शिपायास गोळ्या घालून मारण्यात आले. आघाडीवर मला राहवत नाही, पाठवाल तर पुन्हा निघून जाईन, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. त्या युद्धात पळून गेल्याबद्दल ४९ अमेरिकन शिपायांस देहान्ताची शिक्षा झाली. पैकी अंमलात आली ती एकट्या स्लोव्हिकची. यादवी युद्धानंतर ह्या गुन्ह्यासाठी मेलेला तो पहिलाच अमेरिकन होय. ब्रिटिशांचा पहिल्या महायुद्धातील आकडा ह्याहून पुष्कळ मोठा आहे. पळून जाणे, भ्याडपणा व तत्सम अपराधांसाठी मारलेल्या ३०६ शिपायांस ब्रिटिश पार्लमेंटने २००६ साली कायद्याने क्षमा केली. म्हणजे नव्वद वर्षांनी! ह्यांतील कित्येक पोरे आजच्या भाषेत मनाने खचलेली होती, हे आता सर्वमान्य आहे. दोन शेऱ्यांमधील ती हेतूची भिंत किती पातळ असते, आणि ती चुकीच्या जागी उभी केली तर काय होते, हे ह्या नावांनी सांगितले आहे.

ललित वाङ्मयाने हे मर्म कायद्याहून अधिक नेमके पकडले आहे. जेम्स जोन्स ह्याची ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ ही कादंबरी १९५१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक प्रुइट हा हवाई बेटांवरील छावणीतला साधा शिपाई. सैन्यावर त्याचे प्रेम आहे, आणि सैन्याने त्याचा छळ केला आहे. एका क्रूर सार्जंटास मारून तो एका स्त्रीच्या घरी लपून राहतो. हजिरीच्या वहीत त्याच्या नावापुढे तो प्रसिद्ध शेरा पडतो. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमाने पर्ल हार्बरवर येतात, आणि ह्या लपलेल्या माणसास एकच सुचते : आपल्या पलटणीत परत जावे. रात्री तो निघतो; वाटेत पहारेकरी त्यास हटकतात, आणि तो त्यांच्याच गोळीने पडतो. मोडेस्टिनसच्या व्याख्येने पाहिले तर प्रुइट हा निखालस ‘एमान्सोर’. तो आपल्या पायांनी परत येत होता. पण पहारेकऱ्यास हेतू दिसत नाही. त्यास दिसते ती अंधारातून पळणारी आकृती. कादंबरीत दोष पुष्कळ आहेत. ती पसरट आहे, तिची भाषा जागोजाग ओबडधोबड आहे, आणि लेखकाचा संतापही कित्येकदा कलेच्या मर्यादा ओलांडतो. तथापि ‘परत येणारा माणूस’ हे ह्या शब्दाचे हृदय आहे, हे जोन्सला जितके कळले तितके कोणत्याही कोशकारास कळलेले नाही. पुढे १९७८ साली टिम ओब्रायन ह्याने ‘गोइंग आफ्टर कॅचिॲटो’ ह्या कादंबरीत व्हिएतनाममधून पायी पॅरिसला निघालेला एक शिपाई रंगविला. तेथे गैरहजेरी स्वप्नासारखी होते, आणि त्याला पकडावयास निघालेले सोबतीच त्याच्या स्वप्नात सामील होतात की काय, असे वाटू लागते. प्रुइट परत येतो आणि मरतो. कॅचिॲटो जात राहतो. दोन युद्धांतील अंतर ह्या दोन शिपायांत मोजता येते.

आता प्रचलित वापराकडे पाहू. व्याकरणदृष्ट्या हा शब्द बहुधा ‘जाणे’ ह्या क्रियापदाच्या आश्रयाने येतो : माणूस वा वस्तू ‘एवॉल’ जाते. आरंभी तो माणसांपुरता होता. मग कामावर न येणारा, घरी न परतणारा, कर्तव्यास चुकणारा, अशी त्याची व्याप्ती वाढली. शेवटी किल्ली, पेटी, पार्सल ह्यांनाही तो लागला. ह्या प्रवासात शब्दाने एकेक सामान वाटेत टाकले. प्रथम शिक्षा टाकली, मग कर्तव्य टाकले, आणि सर्वांत शेवटी हेतू टाकला. कारण पेटीस हेतू असत नाही. उरला तो केवळ ‘जेथे असावे तेथे नाही’ एवढा अर्थ.

ह्यावर शुद्धतावादी म्हणतील की, ही भाषेची अवनती आहे. आम्हास हे मत सर्वस्वी मान्य नाही. आघाडी आणि मोर्चा ह्यांचे मराठीत जे झाले, तेच हे आहे. शब्दाने धंदा बदलला म्हणून त्यास बाटला असे म्हणता येत नाही. शिवाय जुना अर्थ मेलेला नाही, हे प्रसंग पडताच दिसून येते. २००४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश ह्यांच्या तरुणपणच्या नॅशनल गार्डमधील हजेरीविषयी वाद माजला. एका चित्रपटकाराने त्यांस ‘पळपुटा’ म्हटले. विरोधी पक्षाच्या अध्यक्षाने ‘एवॉल’ हा शब्द वापरला. उलटपक्षी त्यांना सन्मानपूर्वक सेवामुक्ती मिळाली होती हे दाखविणारी कागदपत्रे पुढे करण्यात आली. वादाच्या गुणदोषांत आम्हास शिरावयाचे नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, दोन शब्दांतील अंतर सर्वांस ठाऊक होते. किल्ल्या व पेट्या ह्यांच्यासाठी वापरून गुळगुळीत झालेला शब्द एका माणसास लागताच त्याची धार पुन्हा दिसली.

आमची तक्रार निराळी आहे. ह्या शब्दाने शिक्षा टाकली, हेतू टाकला, पण एक वस्तू मात्र अखेरपर्यंत टाकली नाही. ती म्हणजे हजिरीची वही. कोणीतरी मोजणारा आहे, आणि माझे स्थान त्याने ठरविलेले आहे, हे गृहीत धरल्यावाचून ‘एवॉल’ हा शब्द उच्चारताच येत नाही. सुटीच्या दिवशी एखादा मनुष्य सोबत्यांस न सांगता नदीकाठी एकटा जाऊन बसला, तर त्यासही आता हाच शब्द लागतो. थट्टेत का होईना, त्याच्या एकान्तावर वहीचा हक्क सांगितला जातो. हे आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्यांचे आयुष्य वर्गाच्या दारात उभे राहून नावापुढे ‘पी’ आणि ‘ए’ अशा खुणा करण्यात गेले, त्यांत आम्हीही आहो. ‘ए’ लिहावयास निमिष पुरत नाही. तो मुलगा आजाऱ्याच्या उशाशी बसला होता, की फी भरण्यासाठी कोठे मजुरीस गेला होता, की आमच्या व्याख्यानास कंटाळून चित्रपटास गेला होता, हे त्या अक्षरात मावत नाही. आणि पुढच्या आठवड्यात तो परत येऊन मागल्या बाकावर बसतो, ह्याची तर वहीत खूणच नसते.

येथे आमच्या स्वतःच्या भाषेने शिकविलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीत ‘लीव्ह’ हे क्रियापद सोडून जाणे ह्या अर्थी आहे, आणि ‘लीव्ह’ हे नाम रजा ह्या अर्थी आहे. पण हे दोन शब्द मुळात एक नव्हेत. नामाचा मूळ अर्थ ‘अनुज्ञा’ असा असून, प्रिय ह्या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते आहे. देणारा प्रसन्न होऊन जे देतो, ते ‘लीव्ह’. आणि आमची ‘रजा’? ती अरबीतील ‘रिझा’ ह्या शब्दापासून आली. अर्थ संतोष, संमती. ‘राजी’, ‘राजीखुशी’, ‘राजीनामा’ ही सारी त्याच कुटुंबातली माणसे. दोन निराळ्या भाषांनी सुटीस ‘दुसऱ्याची मर्जी’ म्हणावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही भाषांत निरोप घेणे म्हणजे ‘रजा घेणे’ असेच आहे. जणू भेटीस आलेला पाहुणाही यजमानाची मर्जी झाल्यावाचून उठू शकत नाही. उलट, यजमानास न सांगता निसटण्यास इंग्रज ‘फ्रेंच रजा’ म्हणतात, आणि फ्रेंच लोक तेच करणे म्हणजे ‘इंग्रजी पद्धतीने निसटणे’ असे म्हणतात! मर्जीवाचून जाणारा तो नेहमी शेजारच्या गावचा असतो.

मग मराठीने ‘एवॉल’ घ्यावा काय? आम्हास गरज दिसत नाही. फाशांच्या दानावरून आलेला ‘पोबारा’ आहे, अरबीतून आलेला ‘फरारी’ आहे, कचेरीत ‘बिनपरवाना गैरहजेरी’ आहे, आणि शाळेच्या पोरापासून मोठ्या साहेबापर्यंत सर्वांस पुरणारी ‘दांडी’ आहे. ‘दांडी मारली’ ह्यात वहीचे भय जवळजवळ नाही; मारणाऱ्याचा पराक्रमच अधिक आहे. त्या दृष्टीने आमचा शब्द इंग्रजीहून उमदा आहे. तथापि इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जी कबुली होती, ती मात्र आमच्या एकाही शब्दात नाही. गेला तो परत येईल, आणि आला तर त्याला पळपुटा म्हणावयाचे नाही, हे सांगणारा शब्द मराठीस नाही. रोमन पंडिताने त्यासाठी एक शब्द नमूद करून ठेवला होता. अमेरिकन शिपायाने अजाणता तो चार अक्षरांत जिवंत ठेवला. आणि आता हरवलेल्या पेट्यांच्या गर्दीत तो अर्थ हरपू पाहत आहे. एखाद्या शब्दाचा हळहळ करण्याजोगा ऱ्हास ह्याला म्हणावे. शब्द विनोदी झाला ह्याचे आम्हास दुःख नाही. त्यातला परतीचा रस्ता पुसला जात आहे, ह्याचे आहे.

भाषेची वही कोणा एकाच्या ताब्यात नसते, हे आम्ही जाणतो. शब्दांस हजिरीवर बोलावण्याचा अधिकार टीकाकारास नाही, आणि असू नये. शब्द आपल्या इच्छेने जातात, क्वचित परतही येतात. लिहिणाऱ्याने एवढेच करावे की, माणसास हा शब्द लावण्यापूर्वी तो माणूस कोठे गेला असेल, आणि परतीच्या वाटेवर असेल काय, ह्याचा क्षणभर विचार करावा. इतके सांगून, रजेच्या ह्या लांबलेल्या प्रकरणातून आम्ही वाचकांची रजा घेतो. आणि ती त्यांच्या राजीखुशीने मिळावी, अशी विनंती करतो.